रांचो ते नियोजित नगर : कॅलिफोर्नियातील अर्व्हाइन शहराच्या वसाहती आणि पशुपालन काळाचा वारसा

सारांश

अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यातील ऑरेंज काउंटीमधील अर्व्हाइन हे शहर नियोजित उपनगरीय नगराचे उदाहरण म्हणून नगररचनेच्या अभ्यासात वारंवार उल्लेखिले जाते. या शहराची मांडणी १९६० च्या दशकातील नियोजनाची निर्मिती असली, तरी त्या नियोजनाला आवश्यक असणारी अखंड जमीन एकोणिसाव्या शतकातील पशुपालनाच्या व्यवस्थेने निर्माण केली होती. प्रस्तुत लेखात मेक्सिकन काळातील जमीनदान, मेंढपाळीचा कालखंड, कुळांमार्फत होणारी शेती, विद्यापीठाची स्थापना आणि आजच्या वसाहती यांचा कालक्रमाने परामर्श घेतला असून, जमिनीच्या मालकीचे स्वरूप शहराच्या स्वरूपावर कसा परिणाम करते, याचे विवेचन केले आहे.

बीजशब्द : रांचो, पशुपालन, जमीनमालकी, नियोजित नगर, वसाहत, विद्यापीठ परिसर

प्रस्तावना

उपनगरांना इतिहास नसतो, असा एक समज सर्वत्र आढळतो. एकसारखी घरे, रुंद रस्ते, वाहनतळांनी वेढलेली बाजारसंकुले आणि अलीकडची लोकवस्ती यांमुळे हा समज अधिक दृढ होतो. अर्व्हाइन शहराची औपचारिक स्थापना २८ डिसेंबर १९७१ रोजी झाली. म्हणजे वयाने ते अनेक महाविद्यालयांपेक्षाही लहान आहे. २०२० च्या जनगणनेनुसार या शहराची लोकसंख्या ३,०७,६७० इतकी होती. १९८० मध्ये ती ६२,१३४ होती. चार दशकांत सुमारे पाचपट झालेल्या या नगराकडे पाहताना त्याच्या भूतकाळाचा विचार सहसा कोणी करीत नाही.

तथापि, या शहराचा नकाशा बारकाईने पाहिल्यास काही प्रश्न उपस्थित होतात. शेजारची शहरे लहान लहान भूखंडांच्या विक्रीतून अस्ताव्यस्त वाढत असताना येथे हजारो एकरांचे एकसंध नियोजन कसे शक्य झाले? एका वसाहतीस 'रांचो सान होआकिन', दुसरीस 'वॉलनट' आणि तिसरीस 'ऑर्चर्ड हिल्स' ही नावे का मिळाली? मुख्य रस्ते पूर्व-पश्चिम व दक्षिण-उत्तर न धावता डोंगरापासून समुद्राकडे तिरपे का जातात? या प्रश्नांची उत्तरे गुरांच्या कुरणांत आणि शेतांच्या बांधांवर शोधावी लागतात.

मूळ रहिवासी आणि मिशनचा काळ

आजच्या ऑरेंज काउंटीच्या प्रदेशात टोंगवा आणि अहाशेमेन या मूळ निवासी समाजांची वस्ती होती. ओकच्या फळांचे पीठ, समुद्रातील शिंपले, शिकार आणि दलदलीतील वनस्पती यांवर त्यांचे जीवन आधारलेले होते. १७६९ मध्ये गास्पार दे पोर्तोला याच्या नेतृत्वाखालील स्पॅनिश मोहीम या भागातून गेली. त्यानंतर १७७१ मध्ये सान गाब्रिएल आणि १७७६ मध्ये सान हुआन कापिस्त्रानो येथे ख्रिस्ती मिशनांची स्थापना झाली. मिशनांबरोबर गुरे, घोडे व मेंढ्या आल्या. या जनावरांनी स्थानिक गवताळ प्रदेशाचे रूप पालटले आणि मूळ रहिवाशांच्या अन्नाचा आधार हिरावला गेला. नव्या रोगांमुळे त्यांची लोकसंख्याही झपाट्याने घटली. पुढे रांचोंवर जे गुराखी राबले, त्यांत याच समाजांतील माणसांचा मोठा भरणा होता. रँचच्या इतिहासाचा आरंभ पहिल्या जमीनदारापासून करण्याची प्रथा आहे. परंतु ती जमीन मोकळी कशी झाली, याचा उल्लेख केल्याविना तो इतिहास अपुरा राहतो.

रांचोंची व्यवस्था

१८२१ मध्ये मेक्सिको स्पेनच्या सत्तेतून मुक्त झाला. १८३० च्या दशकात मिशनांच्या जमिनी धर्मसंस्थेकडून काढून घेण्यात आल्या आणि खासगी व्यक्तींना विस्तीर्ण जमिनी देण्याचे धोरण जोमाने राबविले गेले. आपल्याकडील इनामाशी या दानांचे काहीसे साम्य जाणवते. मात्र येथे दान घेणाऱ्याने जमिनीवर घर बांधावे व गुरे राखावीत, अशी अपेक्षा असे. अर्ज करणारा जमिनीचा हाताने काढलेला कच्चा नकाशा जोडीत असे. टेकडी, ओढा, मोठे झाड किंवा दलदल या त्या नकाशातील हद्दीच्या खुणा असत.

होसे आंद्रेस सेपुल्वेदा यांना १८३७ मध्ये 'सिएनेगा दे लास रानास', म्हणजे बेडकांची दलदल, हा प्रदेश मिळाला आणि १८४२ मध्ये त्याला लागून असलेल्या जमिनीची भर पडली. या दोहोंचा मिळून 'रांचो सान होआकिन' झाला. त्याचे क्षेत्र पुढील मोजणीनुसार ४८,८०३ एकर भरले. उत्तरेकडील डोंगराळ भागात १८४६ मध्ये गव्हर्नर पिओ पिको यांनी तेओदोसिओ योर्बा यांना 'लोमास दे सांतियागो' हा ४७,२२७ एकरांचा रांचो दिला. सांता आना नदीच्या बाजूस योर्बा व पेराल्ता कुटुंबांचा 'सांतियागो दे सांता आना' हा स्पॅनिश काळातील, १८१० चा, जुना रांचो होता. आजचे अर्व्हाइन ज्या मोठ्या रँचमधून घडले, ती या तीन रांचोंच्या जमिनींतून उभी राहिली.

या काळात गुरांचे मोल मांसापेक्षा कातडे व चरबी यांसाठी अधिक होते. बोस्टनहून आलेली जहाजे किनाऱ्यावर थांबत आणि कातड्यांच्या बदल्यात कापड, भांडी, पादत्राणे व चैनीच्या वस्तू देत. कातडे हेच व्यवहारातील चलन बनले होते. कुरणांना कुंपण नसल्याने निरनिराळ्या मालकांची गुरे एकमेकांत मिसळत. म्हणून दरवर्षी गुरे एकत्र हाकून वासरांना मालकाच्या चिन्हाचा डाग देण्याचा मोठा कार्यक्रम होई. वाकेरो म्हणून ओळखले जाणारे गुराखी हे या अर्थव्यवस्थेचा कणा होते.

ऱ्हासाची कारणे

१८४८ मध्ये कॅलिफोर्निया अमेरिकेच्या ताब्यात आला आणि त्याच सुमारास सोन्याचा शोध लागला. खाणींकडे लोटलेल्या माणसांना मांस हवे होते. त्यामुळे गुरांचे भाव एकाएकी वाढले आणि रांचोमालकांच्या हाती अनपेक्षित पैसा आला. या वैभवाचे प्रतीक म्हणून १८५२ मधील एका घोडशर्यतीचा उल्लेख केला जातो. सेपुल्वेदा यांची 'ब्लॅक स्वान' ही घोडी आणि पिओ पिको यांचा 'सार्को' हा घोडा यांच्यात सुमारे नऊ मैलांची शर्यत लॉस एंजेलिस येथे झाली. दोन्ही बाजूंनी रोख रकमेबरोबर गुरेही पणाला लावली होती. त्या शर्यतीत सेपुल्वेदा विजयी झाले.

परंतु जमिनीचा हक्क मात्र याच काळात डळमळीत होत होता. १८५१ च्या जमीनविषयक कायद्यानुसार प्रत्येक रांचोमालकाला आपली मालकी आयोगापुढे व न्यायालयात सिद्ध करावी लागली. टेकडी व दलदल यांच्या खुणांवर बेतलेले जुने नकाशे अमेरिकन मोजणीच्या कसोटीस उतरणे अवघड होते. खटले वर्षानुवर्षे चालले. वकिलांचे शुल्क, कर आणि जबर व्याजाची कर्जे यांनी मालक खचले. त्यात १८६१-६२ च्या हिवाळ्यात महापूर आला आणि त्यामागोमाग १८६२ ते १८६४ या काळात भीषण दुष्काळ पडला. कुरणे करपली व हजारो गुरे मेली.

रांचो सान होआकिनचा अंतिम मालकीपट्टा १८६७ मध्ये मंजूर झाला. सेपुल्वेदा यांनी तो रांचो त्यापूर्वीच, १८६४ मध्ये, विकला होता. लोमास दे सांतियागोचा पट्टा १८६८ मध्ये योर्बा यांच्या नावे निघाला. ती जमीन १८६० मध्येच विल्यम वुल्फस्किल यांच्याकडे गेली होती. दोन्ही ठिकाणी हक्काचा कागद तयार झाला, तेव्हा जमीन मूळ धारकाच्या हातून निसटलेली होती. कायद्याने कोणाचीही जमीन उघडपणे हिरावून घेतली नाही. न्याय मिळण्यास लागलेल्या विलंबाने तेच कार्य पार पाडले.

मेंढ्या, कुळे आणि घेवडा

१८६४ मध्ये रांचो सान होआकिन १८,००० डॉलरला विकला गेला. एकरी चाळीस सेंटही न पडणारी ही किंमत दुष्काळाने मालकाची काय दशा केली होती, हे सांगून जाते. खरेदीदार होते बेंजामिन व थॉमस फ्लिंट हे बंधू, लुवेलिन बिक्सबी आणि सान फ्रान्सिस्कोतील व्यापारी जेम्स अर्व्हाइन. आयर्लंडमधून आलेले अर्व्हाइन सोन्याच्या ओढीने कॅलिफोर्नियात आले आणि व्यापारात स्थिरावले. १८६६ मध्ये या भागीदारांनी वुल्फस्किल यांच्याकडून लोमास दे सांतियागो ७,००० डॉलरला घेतला. त्यानंतर सांतियागो दे सांता आना रांचोच्या वाटणीतील काही भागही त्यांच्याकडे आला. एकूण क्षेत्र एक लाख दहा हजार एकरांच्या आसपास गेले. सांता आना नदीच्या बाजूपासून पॅसिफिकच्या किनाऱ्यापर्यंत बावीस मैलांहून अधिक लांबीचा हा पट्टा होता. आजच्या ऑरेंज काउंटीचा जवळजवळ पाचवा हिस्सा त्यात सामावला असता.

फ्लिंट-बिक्सबी यांचा मुख्य धंदा मेंढ्यांचा होता. अमेरिकन यादवी युद्धामुळे दक्षिणेतील कापसाचा पुरवठा खंडित झाल्याने लोकरीला मोठी मागणी आली होती. दुष्काळात गुरांपेक्षा मेंढ्या अधिक तग धरतात, हाही अनुभव होता. अशा रीतीने गुरांच्या रांचोची मेंढ्यांची रँच झाली. १८७६ मध्ये जेम्स अर्व्हाइन यांनी भागीदारांचे हिस्से दीड लाख डॉलरला विकत घेतले. १८८६ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांचे पुत्र जेम्स अर्व्हाइन द्वितीय यांच्या हाती काही वर्षांनी कारभार आला आणि १८९४ मध्ये 'अर्व्हाइन कंपनी' स्थापन झाली. ही घटना पुढील इतिहासाच्या दृष्टीने निर्णायक ठरली. कुटुंबातील जमीन पिढ्यागणिक वाटली जाते, हा सर्वत्र येणारा अनुभव आहे. कंपनीच्या नावावरील जमीन मात्र अखंड राहिली. वाटले गेले ते समभाग.

लोकरीचा भाव उतरल्यावर रँच शेतीकडे वळली. जमीन कुळांना कसण्यास देण्यात आली. प्रथम बार्ली, त्यानंतर लिमा घेवडा, अक्रोड, बीट आणि व्हॅलेन्सिया संत्री अशी पिके येत गेली. १९१८ पर्यंत लिमा घेवड्याखालील क्षेत्र साठ हजार एकरांपर्यंत पोहोचले होते. १८८८ च्या सुमारास सांता फे रेल्वेचा मार्ग रँचमधून गेला आणि स्थानकाभोवती कोठारे, दुकान व लोहारशाळा यांची छोटी वस्ती वसली. कॅलिफोर्नियात 'अर्व्हाइन' नावाचे टपाल कार्यालय आधीच असल्याने या वस्तीला मालकांच्या मुलाचे 'मायफर्ड' हे नाव मिळाले; १९१४ मध्ये तिचे नाव 'अर्व्हाइन' झाले. आज ही जागा 'ओल्ड टाउन अर्व्हाइन' म्हणून ओळखली जाते. घेवड्याच्या जुन्या कोठाराचे कालांतराने हॉटेलात रूपांतर झाले.

या समृद्धीमागे ज्यांचे श्रम होते, त्यांची नावे मात्र नकाशावर फारशी आढळत नाहीत. ऑरेंज काउंटीतील संत्र्यांची तोडणी प्रामुख्याने मेक्सिकन मजूर करीत. १९३६ मध्ये मजुरी व वागणुकीच्या प्रश्नावर त्यांनी केलेला मोठा संप बळाचा वापर करून मोडून काढण्यात आला. काउंटीत भाजीपाल्याची शेती करणाऱ्या जपानी वंशाच्या कुटुंबांना १९४२ मध्ये सक्तीने छावण्यांत हलविण्यात आले. त्याच वर्षी रँचच्या जमिनीवर दोन लष्करी तळांची उभारणी सुरू झाली : एल तोरो येथील विमानतळ आणि हवाई जहाजांसाठीचा, प्रचंड लाकडी हँगरांचा सांता आना येथील तळ. युद्धानंतर अनेक सैनिक याच भागात स्थायिक झाले आणि घरांची मागणी वाढू लागली.

विद्यापीठाभोवतीचे नगर

१९५९ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाने नव्या परिसरासाठी अर्व्हाइन कंपनीकडे एक हजार एकर जमीन मागितली. कंपनीच्या संचालक मंडळात याविषयी एकमत नव्हते. अर्व्हाइन कुटुंबातील जोन अर्व्हाइन स्मिथ यांनी विद्यापीठाचा पक्ष आग्रहाने मांडला. अखेर ही जमीन केवळ एक डॉलर या नाममात्र किमतीत देण्यात आली आणि आणखी पाचशे एकर राज्याने विकत घेतले. वास्तुविशारद विल्यम परेरा यांनी विद्यापीठाभोवती पन्नास हजार लोकवस्तीच्या नगराचा आराखडा तयार केला. २० जून १९६४ रोजी राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांच्या उपस्थितीत परिसराचा समर्पण समारंभ झाला आणि ऑक्टोबर १९६५ मध्ये अध्यापनास प्रारंभ झाला.

जमिनीचे दान उदार होते, त्याचबरोबर ते व्यवहार्यही होते. विद्यापीठामुळे उर्वरित हजारो एकरांचे मूल्य वाढणार होते. संत्र्यांच्या बागा व कुरणे यांवरील वाढत्या करांमुळे शेती परवडेनाशी होत होती. अशा वेळी विद्यापीठाने नगराला केंद्र दिले आणि नगराने कंपनीला बाजारपेठ दिली.

वसाहतींची मांडणी

परेरा यांच्या आराखड्यात नगराची विभागणी 'व्हिलेज' म्हणजे वसाहतींमध्ये केली होती. प्रत्येक वसाहतीत प्राथमिक शाळा, उद्यान, जलतरण तलाव व जवळचे बाजारसंकुल असावे, मुलांना मोठा रस्ता न ओलांडता शाळेत जाता यावे आणि वेगवान वाहतूक वसाहतीच्या कडेने जावी, हे त्यामागील सूत्र होते. क्लॅरेन्स पेरी यांनी १९२० च्या दशकात मांडलेल्या 'शेजारघटक' संकल्पनेचा हा विस्तार होय.

युनिव्हर्सिटी पार्क, टर्टल रॉक, कल्व्हरडेल, द रँच आणि वॉलनट या वसाहती १९७० पर्यंत उभ्या राहिल्या. कासवाच्या आकाराच्या खडकावरून टर्टल रॉकला नाव मिळाले. वॉलनट हे नाव अक्रोडाच्या बागांचे स्मरण देते. १९७० च्या दशकाच्या मध्यापासून वुडब्रिज ही वसाहत दोन कृत्रिम तलावांभोवती विकसित झाली. नॉर्थवुड परिसरात निलगिरीच्या उंच रांगा आजही दिसतात. वाळवंटाकडून येणाऱ्या सांता आना वाऱ्यांपासून संत्र्यांच्या बागांचे रक्षण करण्यासाठी त्या लावल्या होत्या. बागा गेल्या, पण वाराकुंपण रस्त्याच्या व पायवाटेच्या कडेला उरले. कल्व्हर, जेफ्री यांसारखे मार्ग शेतांच्या चौकोनी खंडांमधील जुन्या रस्त्यांवरून विस्तारले. नगराचे मुख्य जाळे डोंगर व समुद्र यांच्या दिशेने तिरपे आहे, त्याचे मूळ या शेतखंडांच्या आखणीत आहे.

एका मालकाने नगर घडविण्यातील धोकाही रहिवाशांच्या लवकरच ध्यानी आला. आरंभीच्या काही वसाहतींत घर विकत मिळे, परंतु त्याखालील जमीन भाडेपट्ट्याने असे. पट्ट्यांच्या दरवाढीवरून पुढे तीव्र वाद झाले. नगराच्या भवितव्याविषयीचे निर्णय कंपनीच्या कार्यालयात व्हावेत की मतपेटीतून, हा प्रश्न होता. १९७१ मध्ये रहिवाशांनी मतदानाने नगरपालिका स्थापन केली आणि मूळ आराखड्यापेक्षा कितीतरी मोठी हद्द स्वीकारली. करांचे उत्पन्न व विकासावरील नियंत्रण आपल्या हाती राहावे, हा त्यामागील हेतू होता.

कंपनीची मालकीही याच सुमारास बदलली. १९६९ च्या करसुधारणा कायद्याने धर्मादाय न्यासांच्या उद्योगातील मालकीवर मर्यादा घातल्या. कंपनीतील नियंत्रक समभाग धारण करणाऱ्या जेम्स अर्व्हाइन फाउंडेशनला ते विकणे भाग पडले. १९७७ मध्ये एका गुंतवणूकदार गटाने ३३.७ कोटी डॉलरना कंपनी घेतली आणि १९८३ मध्ये त्यातील डोनाल्ड ब्रेन यांच्याकडे बहुसंख्य समभाग आले. वेस्टपार्क, वुडबरी, क्वेल हिल, पोर्टोला स्प्रिंग्ज आदी पुढील वसाहती या काळातील होत.

कुरणांचे काय झाले?

रँचचा सर्वांत ठळक अवशेष म्हणजे न बांधलेली जमीन. १९८८ मध्ये अर्व्हाइनच्या मतदारांनी मोकळ्या जागांच्या संरक्षणाचा प्रस्ताव संमत केला. त्यानुसार काही ठिकाणी बांधकामास परवानगी देऊन त्या बदल्यात टेकड्या व दऱ्या कायम राखण्याची व्यवस्था झाली. मूळ रँचपैकी पन्नास हजारांहून अधिक एकर आज संरक्षित आहेत. २००६ मध्ये यातील मोठ्या क्षेत्रास राष्ट्रीय नैसर्गिक स्थळाचा दर्जा मिळाला. बॉमर कॅन्यन येथे कंपनीच्या गुरांचा तळ १९७० च्या दशकापर्यंत चालू होता. आता तेथे पायवाटा असून जुन्या गोठ्यांच्या जागी नागरिकांचे मेळावे भरतात. सेपुल्वेदा यांच्या 'बेडकांच्या दलदली'चा उरलेला भाग सान होआकिन पाणथळ म्हणून जतन केला असून तेथे स्थलांतरित पक्षी येतात.

एल तोरो तळ १९९९ मध्ये बंद झाला. तेथे नागरी विमानतळ व्हावा की उद्यान, यावर काउंटीत अनेक वर्षे संघर्ष झाला आणि २००२ मधील मतदानात उद्यानाच्या बाजूने कौल मिळाला. एकेकाळच्या घेवड्याच्या शेतावर आणि नंतरच्या धावपट्टीवर आता 'ग्रेट पार्क' व त्याभोवतीच्या वसाहती उभ्या आहेत.

घरांच्या किमती हा मात्र न सुटलेला प्रश्न आहे. अध्यापकांनाही नगरात घर घेणे अशक्य होऊ लागले, तेव्हा विद्यापीठाने १९८० च्या दशकात आपल्या जमिनीवर 'युनिव्हर्सिटी हिल्स' ही वसाहत उभारली. येथे जमीन विद्यापीठाकडेच राहते व घराच्या पुनर्विक्रीची किंमत सूत्रानुसार मर्यादित ठेवली जाते. ज्या भाडेपट्ट्याविरुद्ध अन्य वसाहतींतील रहिवाशांनी आवाज उठविला, तोच पट्टा येथे अध्यापकांचा आधार ठरला. पट्ट्याचे गुणदोष जमीन कोणाकडे आहे आणि नियम कोणाच्या हितासाठी केले आहेत, यांवर अवलंबून असतात, हे यातून दिसते.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून तीन निष्कर्ष निघतात. पहिला असा की, अर्व्हाइनचे नियोजन परेरा यांच्या आराखड्याइतकेच १८६० च्या दशकातील खरेदीखतांचे आणि १८९४ च्या कंपनीस्थापनेचे फलित आहे. दुसरा असा की, अखंड मालकीने रस्ते, उद्याने व शाळा यांची सुसंगत मांडणी शक्य केली, तशीच मोकळ्या जमिनीचे विस्तृत संरक्षणही शक्य केले. परंतु त्या मालकीला नागरी सत्तेचा अंकुश लागण्यासाठी रहिवाशांना संघटित व्हावे लागले. तिसरा असा की, वसाहतींच्या नावांतून जपली जाणारी स्मृती निवडक असते. संत्री, अक्रोड, रांचो यांची नावे टिकली. वाकेरो, तोडणी करणारे मजूर, कुळे आणि अहाशेमेन व टोंगवा समाज त्या नामावलीत अभावानेच आढळतात.

एका नव्या उपनगराचा इतिहास इतका खोल जात असेल, तर कोणत्याही महाविद्यालयाच्या परिसरातील नवी वसाहत अभ्यासविषय होण्यास पात्र आहे. जुने फेरफार, मोजणीचे नकाशे, बांधांवरील झाडे आणि स्थलनामे ही त्यासाठीची साधने सर्वत्र उपलब्ध असतात. ती साधने वाचण्याची दृष्टी विद्यार्थ्यांना देणे हे इतिहास, भूगोल, अर्थशास्त्र व समाजशास्त्र या विषयांच्या अध्यापकांचे समान कार्य आहे.